असिस्ट डॉट ऑर्ग: अभियांत्रिकीच्या ट्रान्स्फरसाठी किती विसंबावे?

कॅलिफोर्नियात आधी कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षापासून विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत जाऊ पाहणाऱ्या, म्हणजे ट्रान्स्फर घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काउन्सेलर बहुधा पहिल्याच भेटीत असिस्ट डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ उघडायला सांगतात. राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजांतला कोणता कोर्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, यांच्या कोणत्या कोर्सच्या जागी धरला जातो, याची ही अधिकृत नोंदवही आहे. ती मोफत आहे, खाते उघडण्याची अट नाही आणि जाहिरातींचा त्रासही नाही. घरातल्या मुलांच्या प्रवेशाच्या निमित्ताने ती बारकाईने वाचण्याची वेळ आली, त्यातून बनलेले हे मत आहे. हा कोर्स त्या कोर्सच्या बदली चालेल का, या एका प्रश्नावर इतके भरवशाचे दुसरे साधन नाही. घोटाळा होतो तो विद्यार्थी आणि पालक या नोंदवहीलाच दोन वर्षांचा आराखडा, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रवेशाची हमी, समजून बसतात तेव्हा.

अशा नोंदवहीची गरज का पडली, हे कळले की तिची रचनाही कळते. १९६० च्या मास्टर प्लॅनने कॅलिफोर्नियातील सार्वजनिक उच्च शिक्षण तीन थरांत विभागले: यूसी, सीएसयू आणि सर्वांना दार उघडे असलेली कम्युनिटी कॉलेजे. खालच्या थरातून वरच्या थरात जाण्याची वाट त्या आराखड्यातच धरलेली होती, आणि आजही यूसीचे धोरण पहिल्या वर्षाच्या दर दोन विद्यार्थ्यांमागे ट्रान्स्फरचा एक विद्यार्थी घेण्याचे आहे. राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर पडतात. म्हणजे १५ युनिटांच्या सेमिस्टरचे शिक्षणशुल्क ६९० डॉलर होते, तर यूसीत रहिवाशालाही वर्षाला १४ हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. वाट स्वस्त आहे आणि सरकारमान्यही आहे, पण कॉलेजे आपापला अभ्यासक्रम स्वतः आखतात आणि विद्यापीठाचा प्रत्येक विभाग आपल्याला काय चालते ते स्वतः ठरवतो. कॉलेजातील आर्टिक्युलेशन अधिकारी, म्हणजे कोर्सांच्या जोड्या जुळवून घेणारे अधिकारी, कोर्सचा सविस्तर आराखडा विद्यापीठाकडे पाठवतात, तिथले प्राध्यापक तो आपल्या कोर्सशी ताडून पाहतात, आणि मान्यता मिळाली की ती जोडी असिस्टवर चढते. त्यामुळे इथली प्रत्येक ओळ म्हणजे दोन संस्थांनी मान्य केलेला छोटा करार असतो. कोणीतरी ऐकीव माहितीवर बनवलेल्या तक्त्यांपुढे असिस्टचे वजन आहे ते यामुळे.

वापर सोपा आहे. शैक्षणिक वर्ष निवडायचे, आपले कॉलेज निवडायचे, ज्या विद्यापीठात जायचे ते निवडायचे, आणि मग मेजरनुसार, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयानुसार, करार उघडायचा. डाव्या बाजूला विद्यापीठाला हवा असलेला कोर्स दिसतो, उजव्या बाजूला त्याच्या जागी आपल्या कॉलेजात घ्यायचा कोर्स. विभागानुसारही पाहता येते, परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मेजरचाच करार उघडावा, कारण एकाच विद्यापीठात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यांच्या अपेक्षा वेगळ्या असतात. करार पीडीएफ म्हणून उतरवून ठेवता येतो, आणि तो उतरवून ठेवावाच. त्याचे कारण पुढे येईल.

खरी कसोटी उजवी बाजू वाचताना लागते. तिथे ‘आणि’ व ‘किंवा’ असे दोन शब्द अधूनमधून येतात, आणि घाईत वाचणाऱ्याची फसगत नेमकी त्यांच्यापाशी होते. यूसी बर्कलेचा मॅथ ५४ हा कोर्स लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स एकत्र शिकवतो. आपल्या कॉलेजात हे दोन विषय वेगळे शिकवले जात असतील, तर त्या एका कोर्सच्या बदल्यात साहजिकच दोन्ही पूर्ण करावे लागतात. एकच केला तर अर्धे श्रेय मिळेल असे समजू नये. यूसीएलएत, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, हेच दोन विषय मॅथ ३३ए आणि ३३बी असे वेगळे आहेत, म्हणून तिथे एकास एक अशी जोडी लागू शकते. उलट यूसीएलएचा मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस ३२ए आणि ३२बी अशा दोन क्वार्टरांत, म्हणजे सेमिस्टरहून लहान सत्रांत, विभागलेला आहे, आणि सेमिस्टरने चालणाऱ्या कॉलेजातला एकच कोर्स बरेचदा या दोन्हींची जागा घेतो. हे सगळे मुळात सेमिस्टर आणि क्वार्टर यांच्या गणिताचे दुखणे आहे. यूसीत बर्कले आणि मर्सेड सेमिस्टरने चालतात, बाकीची विद्यापीठे क्वार्टरने. कम्युनिटी कॉलेजे बहुतेक सेमिस्टरने चालतात, पण डी अँझा आणि फूटहिल यांच्यासारखी काही क्वार्टरने. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट, एवढे लक्षात ठेवून युनिटांचा हिशोब जुळतो. विषयांचा मात्र जुळतोच असे नाही. म्हणून जिथे कोर्सची मालिका आहे, म्हणजे भौतिकशास्त्राचे तीन-चार भाग किंवा कॅल्क्युलसचे भाग, तिथे संपूर्ण मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करणे शहाणपणाचे. मधला एक भाग दुसऱ्या कॉलेजात उरकला, तर दोन कॉलेजांनी प्रकरणांची विभागणी वेगळी केलेली असू शकते, आणि मग कागदावर सर्व काही झालेले दिसूनही एखादा घटक दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

प्रोग्रामिंगच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, आणि संगणकाच्या ओढीने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी इथे विशेष सावध राहावे. यूसीएलएचा सीएस ३१ सी प्लस प्लसमध्ये आहे, तर बर्कलेचा सीएस ६१ए मुख्यतः पायथनमध्ये. काही मेकॅनिकल विभागांना त्याऐवजी मॅटलॅब ही आकडेमोडीची भाषा हवी असते. ‘प्रोग्रामिंगचा एक कोर्स झाला आहे’ हे वाक्य त्यामुळे निरुपयोगी ठरते. कोणत्या विद्यापीठासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या मेजरसाठी, हे तिन्ही ठरल्याशिवाय कॉलेजातला कोर्स निवडू नये. असिस्ट हा फरक अचूक दाखवते. मात्र ते एका वेळी एक कॉलेज, एक विद्यापीठ आणि एक मेजर एवढेच दाखवते.

संकेतस्थळाची माझ्या मते सर्वात मोठी उणीव हीच. अभियांत्रिकीचा विद्यार्थी सहसा एकाच ठिकाणी अर्ज करत नाही. यूसीच्या पदवी शिक्षण देणाऱ्या ९ विद्यापीठांपैकी चार-पाच आणि सीएसयूपैकी दोन-तीन अशी यादी केली, की तितकेच वेगळे करार उघडून, छापून, शेजारी ठेवून स्वतःच तक्ता बनवावा लागतो. सगळ्यांना सामाईक असलेले कोर्स कोणते, फक्त एकाच ठिकाणी लागणारा कोर्स कोणता आणि तो वगळला तर काय गमावतो, हे एका पानावर दिसण्याची सोय असायला हवी होती. माहिती तर सारी आहेच, ती एकत्र मांडायचीच काय ती राहिली आहे. तोपर्यंत साध्या स्प्रेडशीटला पर्याय नाही: उभ्या स्तंभांत विद्यापीठे, आडव्या ओळींत आपल्या कॉलेजचे कोर्स. यूसीने लोकप्रिय मेजरांसाठी ट्रान्स्फर पाथवे नावाच्या एकत्रित याद्या केल्या आहेत आणि मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल व संगणकशास्त्र यांच्या याद्या त्यांत आहेत. सुरुवातीचा अंदाज घेण्यासाठी त्या चांगल्या, पण अंतिम शब्द प्रत्येक विद्यापीठाच्या कराराचाच.

दुसरा गोंधळ ‘ट्रान्स्फरयोग्य’ या शिक्क्याचा. कॉलेजच्या माहितीपुस्तकात एखाद्या कोर्सपुढे तो यूसीला चालतो अशी खूण असते आणि असिस्टवरही अशा कोर्सांची वेगळी यादी आहे. या खुणेचा अर्थ एवढाच की त्याची युनिटे विद्यापीठ मोजेल. ती युनिटे आपल्या मेजरच्या आवश्यक कोर्सच्या जागी धरली जातील, असा अर्थ त्यातून निघत नाही. उदाहरणार्थ, कॅल्क्युलसवर न बेतलेला भौतिकशास्त्राचा कोर्स ट्रान्स्फरयोग्य असू शकतो, पण अभियांत्रिकीला तो उपयोगाचा नाही. तिथे कॅल्क्युलसवर आधारलेली मालिकाच लागते. मेजरच्या करारात जे नाव नाही, ते फक्त युनिटांच्या बेरजेसाठी. यूसीत तिसऱ्या वर्षाला येण्यासाठी ६० सेमिस्टर युनिटे, म्हणजेच ९० क्वार्टर युनिटे लागतात, आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी मेजरची तयारी करता करताच ती ओलांडतो, त्यामुळे बेरजेची चिंता त्याला क्वचितच असते. कम्युनिटी कॉलेजची ७० सेमिस्टर युनिटांपलीकडची युनिटे यूसी मोजत नाही, हे ऐकून काही पालक घाबरतात. पण त्या जादा कोर्सांचे विषय म्हणून श्रेय मिळते, केवळ युनिटांची बेरीज तिथे थांबते.

करार उघडल्यावर बहुतेक जण थेट तक्त्याकडे जातात आणि वरचा लांबलचक मजकूर सोडून देतात. तो सोडू नये. कोणते कोर्स प्रवेशासाठी आवश्यक आहेत आणि कोणते केल्यास बरे, किमान ग्रेड सरासरी किती हवी, कोणत्या सत्रापर्यंत काय संपलेले असले पाहिजे, हे सगळे बरेचदा तक्त्यात नसून त्या मजकुरातच लिहिलेले असते. प्रत्येक विभाग तो आपल्या शैलीत लिहितो. एक विभाग ‘आवश्यक’ म्हणतो, दुसरा ‘जोरदार शिफारस’ म्हणतो. चुरशीच्या मेजरमध्ये ‘जोरदार शिफारस’ ही आवश्यकच समजावी, असा माझा सल्ला राहील.

कधी उजव्या बाजूला कोर्सच नसतो, त्याऐवजी या कॉलेजात समतुल्य कोर्स नाही अशी ओळ येते. सर्किट्स, स्टॅटिक्स, मटेरियल्स अशा कोर्सांच्या वेळी ही ओळ विशेष दिसते, कारण लहान कॉलेजांना त्यांच्यासाठी प्रयोगशाळा आणि पुरेसे विद्यार्थी मिळत नाहीत. अशा वेळी शेजारच्या कॉलेजचा करार उघडून पाहावा. राज्यातल्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजात तो एक कोर्स घेता येतो, आणि कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसमार्फत इतर कॉलेजांचे ऑनलाइन कोर्सही शोधता येतात. फक्त त्या दुसऱ्या कॉलेजचा आपल्या विद्यापीठाशी त्या कोर्सबाबत करार आहे की नाही, ते आधी असिस्टवर तपासावे. वर्ग जवळ आहे किंवा वेळ सोयीची आहे एवढ्यावर नाव नोंदवू नये.

वर्षाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. करार दरवर्षी नव्याने लागू होतात, आणि कोर्स ज्या वर्षी घेतला त्या वर्षीचा करार त्याला लागू पडतो. नव्या वर्षाचा करार चढायला उशीर झाला असेल, तर आधीच्या वर्षाचा पाहून योजना करावी लागते आणि नवा आला की पुन्हा ताडून पाहावे लागते. पीडीएफ जपून ठेवण्याचे कारण हेच. आता त्यात कोर्सांच्या बदलत्या क्रमांकांची भर पडली आहे: एबी ११११ या कायद्यानुसार कम्युनिटी कॉलेजांतल्या सारख्या कोर्सांना राज्यभर एकच क्रमांक देण्याचे काम सुरू आहे, आणि २०२५ च्या फॉल, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या, सत्रापासून इंग्रजी, संख्याशास्त्र अशा काही कोर्सांपासून त्याची सुरुवात झाली. पुढे ही योजना चांगलीच ठरेल, पण सध्याच्या पिढीच्या गुणपत्रकावर जुने आणि नवे क्रमांक शेजारी शेजारी दिसणार आहेत, म्हणून करार वाचताना क्रमांकाबरोबर कोर्सचे पूर्ण नावही पाहावे.

असिस्ट जे अजिबात सांगत नाही, ते म्हणजे क्रम. करारात दहा-बारा कोर्स एकाखाली एक मांडलेले असतात, जणू कोणताही केव्हाही घ्यावा. प्रत्यक्षात ते एकमेकांत अडकलेले असतात. कॅल्क्युलसचे दोन भाग, मग मल्टिव्हेरिएबल, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, अशी साखळी सेमिस्टरच्या कॉलेजात बहुधा चार सत्रे खाते. भौतिकशास्त्राचा पहिला भाग कॅल्क्युलस सुरू झाल्याशिवाय घेता येत नाही, विद्युत आणि चुंबकत्वाचा भाग त्यानंतर येतो आणि सर्किट्सचा कोर्स त्याच्याही नंतर. म्हणजे पहिल्या फॉलमध्ये कॅल्क्युलस सुरू केले, तर सर्किट्स दुसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये, अगदी शेवटच्या सत्रात बसतात. विद्यार्थी त्याआधी प्रीकॅल्क्युलसपासून सुरू करत असेल, तर दोन वर्षांचे गणित तिथेच कोलमडते, आणि उन्हाळी सत्रे किंवा तिसरे वर्ष हेच मार्ग उरतात. २०२२ च्या एबी १७०५ या कायद्यानंतर कॉलेजे विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना थेट कॅल्क्युलसमध्ये बसवण्याकडे वळली आहेत, त्यामुळे वेळ वाचू शकतो. पाया कच्चा असेल तर त्या वर्गाबरोबर मिळणारी जोडवर्गाची मदत मागून घ्यावी. त्यातच सर्किट्स किंवा स्टॅटिक्स वर्षातून एकाच सत्रात शिकवले जाण्याची शक्यता असते आणि नोंदणी कमी झाली तर वर्ग रद्दही होतो. यातले काहीही असिस्टवर दिसणार नाही. त्यासाठी कॉलेजची मागील दोन-तीन वर्षांची वेळापत्रके काढून बसावे लागते. करार शेवटच्या कोर्सपासून उलटा वाचत गेले की कोणता कोर्स कोणत्या सत्रात गेलाच पाहिजे ते आपोआप उमगते, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्राची नोंदणी करण्याआधी हे करावे.

प्रवेशाच्या शक्यतेबद्दलही असिस्ट गप्प आहे, आणि ते योग्यच आहे, कारण ते त्याचे काम नाही. यूसीची रहिवाशांसाठीची किमान ट्रान्स्फर ग्रेड सरासरी (४ पैकी) २.४ आणि इतरांसाठी २.८ आहे, पण मागणी असलेल्या अभियांत्रिकी मेजरांत या आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्यासाठी यूसीच्याच माहिती केंद्राचे मेजरनिहाय ट्रान्स्फरचे पान पाहावे: कोणत्या विद्यापीठात कोणत्या मेजरला किती जणांनी अर्ज केला, किती जण घेतले गेले आणि घेतलेल्यांची सरासरी कोणत्या पट्ट्यात होती, हे तिथे उघड दिलेले आहे. असिस्टचा करार एका खिडकीत आणि हे पान दुसऱ्या खिडकीत ठेवूनच विद्यापीठांची यादी करावी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही ६ विद्यापीठे टॅग नावाची प्रवेशहमी देतात, परंतु ती एकाच विद्यापीठासाठी मागता येते, तिचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात भरावा लागतो, आणि सगळी मेजरे तिच्यात येत नाहीत. बर्कले, यूसीएलए आणि सॅन डिएगो यांची अशी हमी नाही. टॅगचा अर्ज भरला तरी मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो.

सामान्य शिक्षणाच्या, म्हणजे मेजरबाहेरच्या पण सर्वांना लागणाऱ्या, कोर्सांबाबत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असिस्टवर फार वेळ घालवू नये. या कोर्सांच्या आयजीईटीसी या ठरलेल्या संचाची जागा २०२५ च्या फॉलपासून कॅल-जीईटीसीने घेतली आहे, पण हा संपूर्ण संच पूर्ण करण्याच्या नादात भौतिकशास्त्र मागे पडणे हा तोट्याचा सौदा आहे. इंग्रजीचे दोन कोर्स आणि यूसीच्या सात कोर्सांच्या किमान अटीत बसणारे इतर कोर्स आधी घ्यावेत. बाकीचे विद्यापीठात गेल्यावरही होतात. सीएसयूत निश्चित जागा देणारी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर ही कम्युनिटी कॉलेजची पदवी, म्हणजे २०१० च्या कायद्याने आलेली सोय इतर विषयांत उत्तम आहे, मात्र अभियांत्रिकीची तयारी ६० युनिटांत मावत नसल्यामुळे या विद्यार्थ्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही.

असिस्ट मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक संस्थांसाठी आहे. स्टॅनफर्ड हे खासगी विद्यापीठ त्यात नाही, यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, हेही त्यात नाही. यूएससी कम्युनिटी कॉलेजांच्या कोर्सांच्या आपल्या याद्या स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. परदेशातील महाविद्यालयात घेतलेले कोर्सही इथे सापडणार नाहीत, त्यांचे मूल्यमापन विद्यापीठ स्वतः करते. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याने ट्रान्स्फरॉलॉजी हे संकेतस्थळ पाहावे. त्याची व्याप्ती देशभर आहे, पण सहभागी संस्थांपुरती.

करारात नसलेला कोर्स घ्यावाच लागला, तर त्याचा सविस्तर सिलॅबस, गृहपाठाचे नमुने आणि पाठ्यपुस्तकाचे नाव त्याच सत्रात गोळा करून ठेवावे. प्रवेश मिळाल्यानंतर विभागाकडे तो कोर्स धरावा अशी विनंती करता येते, आणि तेव्हा निर्णय होतो तो या कागदांवरून. दोन वर्षांनी कॉलेजकडे जुना सिलॅबस मागायला गेल्यास तो शिकवणारे अर्धवेळ प्राध्यापक तिथे असतीलच असे नाही.